न विचारता चालायची वाट

नेदर हॅसल,
२८ जून १९८२

प्रिय हेस्टर,

आधी भांडण, मग खबर. जूनचा शेवटचा शनिवार आला आणि तू आली नाहीस. गुडघ्याचं निमित्त मला सांगू नकोस. तुझ्या बहिणीला, ॲगथाला, तुझ्यावाचून चहा घशाखाली उतरत नाही, हे खरं कारण. इतके उन्हाळे आपण चौघं चाललो आणि यंदा पहिल्यांदा तिघं निघालो. गिल्बर्ट म्हणाला, "टेबलाचा एक पाय गेल्यावर उरलेल्यांनी काय करायचं?" त्यावर मेव्हिस म्हणाली, "तू जरा गप्प बस, टेबल राहील उभं." नवराबायकोचं नेहमीचंच.

सकाळ छान होती. गवत कापून पडलेलं, सगळीकडे त्याचा वास. मार्लकोटला चर्चच्या भिंतीवर बसून आपली पहिली न्याहारी झाली, चीज आणि लोणच्याची सँडविचं. तू नव्हतीस म्हणून ती मी केली होती. गिल्बर्टनं पहिला घास घेऊन नुसतं आभाळाकडे बघितलं. मैदानावर क्रिकेट चाललं होतं. पाद्रीबुवा शून्यावर बाद झाले आणि एक शब्द बोलले, तो मी इथं लिहीत नाही.

आता खबर. पोलार्डच्या सफरचंदाच्या बागेपाशी आलो, तर फाटकाला साखळी आणि हे एवढं कुलूप. वर पाटी: 'खासगी. परवानगीशिवाय येऊ नये.' म्हातारा पोलार्ड जाऊन दोन वर्षं होत नाहीत तोवर लंडनच्या या हार्टनेलनं शेत घेतलं, घर घेतलं, आणि आता वाटही घेतली. मागं फिरून डांबरी रस्त्यानं जावं लागलं. दगडखाणीच्या लॉऱ्या अंगाला घासून जातात. एका लॉरीला वाट देताना मेव्हिस चरात पडली, खाजकुइलीत. स्टोक हॅसलला पोचलो तोवर 'प्लाऊ' पबची दुपारची वेळ संपून दार बंद झालेलं. सायडरचा ग्लास नाही की खुर्ची नाही. पायरीवर बसून बाटलीतलं कोमट पाणी प्यायलो. मला इतकं रडू आलं की काय सांगू, आणि मी रडणारी नव्हे हे तुला ठाऊक आहे.

पण मी गप्प बसायची नाही. ती वाट सरकारी नकाशावर नाही, कारण नकाशा झाला तेव्हा गावच्या पॅरिश मंडळावर पोलार्डचा बाप बसला होता. तरी कायदा आपल्या बाजूचा आहे. वीस वर्षं लोक उघडउघड, कुणालाही न विचारता एखाद्या वाटेनं चालले, की ती वाट लोकांची होते. विचारून चाललं, तर मात्र शंभर वर्षं चाला, ती मालकाचीच. माझे बाबा पोलार्डची गुरं राखायला याच वाटेनं जायचे. ते म्हणायचे, "एनिड, वाट मागू नये आणि वाटेबद्दल आभारही मानू नयेत. मागणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण." आपण एकदाही विचारलं नाही. तू फिरणाऱ्या मंडळाची एवढी वर्षं चिटणीस, तुझ्या शब्दाला वजन आहे. अर्ज मी करते आहे. तू साक्ष दे.

गुडघ्याला जप.

तुझी,
एनिड

•

व्हिटबी,
९ जुलै १९८२

प्रिय एनिड,

पत्र वाचून हसले आणि मग बराच वेळ खिडकीत बसले. इथून समुद्र दिसतो असं सगळे म्हणतात. मला ॲगथाची पाठ दिसते. साखरेचा डबा ती कपाटात ठेवते आणि किल्ली गळ्यात. परवा मी चहात दुसरा चमचा घातला, तर म्हणाली, "तुझ्या घरी असं चालत असेल." माझं घर राहिलंय कुठं? भाडं झेपेना म्हणून सोडलं आणि इथं आले. चौसष्टाव्या वर्षी मी पाहुणी झाले, एनिड. सकाळी जाग आली की काही क्षण वाटतं, नेदर हॅसललाच आहे. मग समुद्रावरच्या गल पक्ष्यांचा कलकलाट ऐकू येतो.

कुलपाचं वाचून वाईट वाटलं. पण एवढं रान उठवायलाच हवं का? माझा भाचा डेरिक, तुला आठवत असेल, त्याला हार्टनेलकडे नोकरी लागली आहे, शेताची देखरेख. तो म्हणतो, माणूस काही वाईट नाही, फक्त नवा आहे. त्याला कुणी जाऊन नीट विचारलं तर तो नाही म्हणायचा नाही. साधं विचारण्यात माणसाचं काय जातं?

मेव्हिसला माझ्याकडून मलम लावायला सांग.

तुझी,
हेस्टर

•

नेदर हॅसल,
१४ ऑक्टोबर १९८२

प्रिय हेस्टर,

साधं विचारण्यात वाट जाते, बाई. ते मी तुला एकदा लिहिलं आहे, पुन्हा लिहीत नाही.

अर्ज गेला. पुढच्या जुलैत चर्चच्या हॉलमध्ये सुनावणी आहे, सरकारी निरीक्षक येणार. मी घरोघर फिरले. लोहाराची विधवा साक्ष देते म्हणाली, टपालवालाही. ज्या लॉरीनं त्याची सायकल चेपली तिचा नंबर त्याला तोंडपाठ आहे. सगळे आपल्या फिरणाऱ्या मंडळातलेच. 'आम्ही कधी विचारलं नाही' हे एक वाक्य एवढंच काय ते सांगायचं.

आणि आता बस खाली. मेव्हिस नाही म्हणाली.

आपली मेव्हिस. मी तिच्या स्वयंपाकघरात उभी. ती केक भाजत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला यात नको घेऊस. कुणी विचारलं होतं की नव्हतं, ते मी छातीवर हात ठेवून कसं सांगू?" मी म्हटलं, "तू आमच्याबरोबर चालत होतीस की झोपेत होतीस?" तर म्हणे, "एनिड, चहा घे." गिल्बर्ट बाहेर जाऊन घेवड्याला पाणी घालत बसला, पाऊस पडत असताना.

त्याच आठवड्यात हार्टनेलच्या वकिलाचं पत्र आलं. लिहितो की दरवर्षी परवानगी मागितली जात होती, आणि हे सांगणारं माणूस तुमच्यातलंच आहे. तुमच्यातलंच! आता सांग, कोण असेल? वाट मेव्हिसच्या खिडकीखालून जाते. लोकांची कुत्री तिच्या फुलांत शिरतात म्हणून ती दरवर्षी कुरकुरते. ऑगस्टमध्ये ती हार्टनेलच्या बायकोकडे चहाला गेली होती, हे मला दुकानातून कळलं. दोन नि दोन चार करायला मला मास्तर लागत नाही.

आपल्या मेव्हिसनं असं करावं? तुला काय वाटतं ते स्पष्ट लिही.

एनिड

•

व्हिटबी,
२ नोव्हेंबर १९८२

प्रिय एनिड,

काय लिहावं ते सुचत नव्हतं, म्हणून उशीर झाला. मेव्हिसचं मन कुणी ओळखलंय? ती पहिल्यापासून जरा मऊच. मोठा माणूस हसून चार शब्द बोलला की ती विरघळते. पण मी इतक्या लांबून काय सांगणार? तू तिथं आहेस, तुला जे दिसतं ते खरं असेल.

डेरिकला हार्टनेलनं फाटकाशेजारची जुनी चौकीदाराची खोपटी द्यायचं कबूल केलं आहे. दोन खोल्या, पुढं गुलाब. अजून नक्की नाही. नक्की झालं तर डेरिक म्हणतो, मावशी, तू ये माझ्याकडे. मी ॲगथाला काही बोलले नाही. पण रात्री मी त्या गुलाबांची छाटणी करते, मनातल्या मनात.

थंडी सुरू झाली आहे. तू लोकरीचे मोजे घाल.

तुझी,
हेस्टर

•

नेदर हॅसल,
६ मार्च १९८३

प्रिय हेस्टर,

उत्तराला फार उशीर झाला, पण खोपटीचं वाचून मी स्वयंपाकघरात एकटीच नाचले. तू परत येणार! हार्टनेलनं आयुष्यात एक तरी चांगलं काम केलं म्हणायचं. तुझी कपबशी अजून माझ्याच फळीवर आहे.

मेव्हिसचं तू लिहिलंस तेच खरं निघालं. मऊ माणसं वेळेला पोकळ निघतात. मी आता तिच्याशी बोलत नाही. रविवारी चर्चमध्ये फुलं मांडायची तिची पाळी होती, मी ती लोहाराच्या विधवेला दिली. दुकानात ती माझ्यामागं उभी होती. मी दुकानदारणीला मोठ्यानं म्हटलं, "कुंपणानंच शेत खाल्लं तर दाद कुणाकडे मागायची?" सगळे मागं वळून तिच्याकडे बघायला लागले. ती पाव न घेताच गेली. आता ती चर्चच्या कॉयरमध्ये गायलाही येत नाही. गिल्बर्ट परवा मला वाटेत भेटला, टोपी काढली आणि म्हणाला, "एनिड, एक दिवस तुला वाईट वाटेल." मी म्हटलं, "तुझ्या बायकोला वाटतंय का ते आधी बघ." त्यानं टोपी घातली आणि गेला. विनोद नाही, काही नाही.

आता एकच. सुनावणी पंधरा जुलैला. चिटणीस म्हणून तू उभी राहिलीस की वकिलाचं तोंड बंद. गाडीभाडं मी पाठवते. राहायला माझ्याकडे.

एनिड

•

व्हिटबी,
२५ मार्च १९८३

प्रिय एनिड,

सुनावणीचं माझ्या भरवशावर ठेवू नकोस. गुडघा बरा नाही. गाडीभाडं मुळीच पाठवू नकोस, मला ते घेववणार नाही.

मेव्हिसशी फार कठोर वागू नये असं वाटतं. पण तुझं तू जाणतेस.

हेस्टर

•

नेदर हॅसल,
१६ जुलै १९८३

हेस्टर,

काल तू हॉलमधून बाहेर पडताना माझ्या इतक्या जवळून गेलीस की तुझ्या कोटाची बाही मला लागली. तू 'माफ करा' म्हणालीस. परक्या बाईला म्हणतात तसं.

मी सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं होतं की आम्ही कधीही कुणाला विचारलं नाही. खणखणीत सांगितलं. माझ्यामागून टपालवाल्यानं सांगितलं, लोहाराच्या विधवेनं सांगितलं. निरीक्षक मान डोलवत होता. मला वाटलं, जिंकलो. मग हार्टनेलच्या वकिलानं साक्षीदार बोलावला, आणि मागचं दार उघडून डेरिकच्या हाताला धरून तू आत आलीस. खरं सांगते, मला इतका आनंद झाला. मी बाजूच्या खुर्चीवरची माझी पिशवी उचलली, तुझ्यासाठी. वाटलं, गुडघा घेऊन आली बिचारी, चुकून तिकडच्या बाजूनं शिरली.

तू तिकडंच बसलीस.

आणि मग तुझा तो गोड आवाज. "होय साहेब. दरवर्षी आदल्या संध्याकाळी मी मिस्टर पोलार्डकडे जात असे. लिंबाचा केक घेऊन. उद्या आम्ही बागेतून आलो तर चालेल ना, असं विचारत असे. ते म्हणत, या की." वकील म्हणाला, "आम्ही म्हणजे कोण?" तू म्हणालीस, "सगळेच. मी चिटणीस होते ना, मंडळातर्फे विचारायची." मग तो माझ्याकडे वळला. "मॅडम, हे तुम्हाला ठाऊक होतं?" मी नाही म्हटलं. तो हसला. अख्ख्या गावासमोर मी तोंडघशी पडले, आणि तू हातमोज्याचं बटण लावत होतीस.

मला फक्त एवढं लिही. का?

एनिड

•

व्हिटबी,
२२ जुलै १९८३

प्रिय एनिड,

तू रागावलेली आहेस, ते मी समजू शकते. पण माझं चुकलं काय, ते तू मला दाखव. मी खोटं बोलले का? एक शब्द तरी? दुसऱ्याच्या घरामागून जायचं तर आधी विचारावं, असं माझ्या आईनं मला शिकवलं. तुझ्या बाबांनी तुला वेगळं शिकवलं. तू पुढं चालायचीस, काठीनं काटे बाजूला सारत, फाटक ढकलत. तुला वाटायचं तुझ्या हक्कानं ते उघडतं. पोलार्ड बाईमाणसाशिवाय एकटा राहत होता. वर्षातून एकदा कुणी केक घेऊन दारात येऊन विचारतं, याचं त्याला बरं वाटायचं. शेवटच्या वर्षी तर तो माझी वाट बघत अंगणात उभा होता. तुला सांगितलं असतं तर तू मला जाऊ दिलं असतंस? म्हणून नाही सांगितलं. तेव्हा त्यात एवढं काही नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात डेरिक आला. त्याला ही गोष्ट लहानपणापासून ठाऊक होती, माझ्याबरोबर तोही यायचा पोलार्डकडे. त्यानं ती मालकाला सांगितली होती. म्हणाला, "मावशी, खरं तेवढंच सांगायचं आहे. खोपटीचं मग ठरल्यासारखंच." तू विचारतेस का. तू कधी दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या ताटात, साखरेचा चमचा मोजून जगली आहेस? तुझं स्वतःचं घर आहे, एनिड. वाट काय, लोकांना दुसरी आहे.

आणि मी तुम्हाला विसरलेली नाही. मी मिस्टर हार्टनेलशी बोलले. निकाल कसाही लागो, त्यांनी कबूल केलं आहे की जूनच्या शेवटच्या शनिवारी आपल्या चौघांसाठी ते कुलूप काढून ठेवतील. फक्त आदल्या दिवशी सांगायचं, एवढंच. ते मी करीन, मला सवय आहे. मग सगळं पहिल्यासारखं होईल. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी येते आहे.

तुझीच,
हेस्टर

•

नेदर हॅसल,
३० ऑगस्ट १९८३

हेस्टर,

निकाल आला. वाट गेली. चालणं परवानगीनं होतं, हक्क उरत नाही, असं निरीक्षक लिहितो. त्याचंही काही चुकलं नाही. कुणाचंच काही चुकलं नाही, असं दिसतं.

तुझं पत्र मी पुष्कळदा वाचलं. केकचा मला राग नाही, हे तुला खरं वाटणार नाही. पोलार्डला बरं वाटायचं, वाटो. तू आधी येऊन सांगितलं असतंस, की एनिड, असं असं आहे, मी विचारत होते, तर मी तुला दोन दिवस शिव्या दिल्या असत्या, अर्ज मागं घेतला असता आणि तिसऱ्या दिवशी तुझ्या खोपटीला पडदे शिवायला घेतले असते. घर तर तुला मिळालंच असतं, कारण मग भांडणच नव्हतं. ताकाला जाऊन भांडं लपवलंस तू. वर्षभर माझी पत्रं वाचलीस, मोजे घाल म्हणून लिहिलंस, आणि केसानं गळा कापलास.

पण तेही राहू दे. ती जखम माझी एकटीची आहे. दुसरी माझी एकटीची नाही.

सुनावणीनंतर मी मेव्हिसकडे गेले. तिच्या दारात उभं राहायला मला तीन दिवस लागले. ती मटार सोलत होती. मी म्हटलं, "तुला ठाऊक होतं?" ती म्हणाली, "दरवर्षी खिडकीतून हेस्टरला बघायची. केक घेऊन जाताना. एकदा मी तिला विचारलं, तर तिनं माझा हात धरला आणि एनिडला सांगणार नाही असा शब्द घेतला. मग मी काय करू? खोटी साक्ष द्यायची नव्हती आणि तिचं नाव घ्यायचं नव्हतं." मी म्हटलं, "हार्टनेलकडचा चहा?" ती म्हणाली, "कुलूप काढा म्हणून सांगायला गेले होते. नाही ऐकलं त्यांनी." मी म्हटलं, "मी तुला दुकानात एवढं बोलले, तरी तू गप्प?" तर म्हणते, "शब्द दिला होता ना." आणि शेंगा माझ्यापुढं सरकवल्या. मी सोलत बसले. मला वर बघवेना.

साप साप म्हणून मी भुई धोपटत होते, आणि तू लांबून म्हणत होतीस, ती पहिल्यापासून जरा मऊच. ते वाक्य तू लिहिलंस, हेस्टर. शाई घेऊन, बसून, विचार करून लिहिलंस. जिनं तुझ्यासाठी स्वतःचं नाव गावभर खराब करून घेतलं, तिच्याबद्दल. मला तू फसवलंस, हे मी एखादवेळ गिळीन. पण माझ्या हातून तिला मारवलंस, ते माझ्यानं गिळवत नाही.

मेव्हिसनं तुला क्षमा केली आहे, तिचा निरोप आहे. ती तशीच आहे, मऊ. गिल्बर्टनं अजून मला केलेली नाही, आणि त्याचं बरोबर आहे.

हार्टनेलला सांग, जूनच्या शनिवारी कुलूप काढायची गरज नाही. आम्ही तिघं डांबरी रस्त्यानं जाऊ, लवकर निघू, चराच्या कडेनं एकामागोमाग एक. तू जा बागेतून. तुझ्यापाशी परवानगी आहे.

तू आता इथंच राहणार. मी तोंड फिरवीन, दुकानात टोमणे मारीन असं समजू नकोस. ते मी एकदा केलं आणि कुणाला केलं ते तू जाणतेस. आपली गाठ पडेल, चर्चमध्ये, टपालात, फाटकापाशी. मी थांबीन, 'नमस्कार' म्हणीन. आपल्याकडे ज्या माणसाशी बोलण्यासारखं काही उरलं नाही त्याच्याशी आपण हवापाण्याचं बोलतो. मी तुझ्याशी तेच बोलेन, आपण मरेपर्यंत.

आज सकाळपासून ढग आहेत. दुपारनंतर उघडेल असं वाटतं.

एनिड टॅपली